छिद्रान्वेषण

मराठी गृहस्थ सोनं घेताना घडणावळ विचारतो, गाडी घेताना अ‍ॅव्हरेज विचारतो, पण कॉर्डलेस ड्रिल घेताना कुणाला काही विचारत नाही. विचारलं की "आपल्याला कशाला लागतंय ते?" असा प्रश्न घरातूनच येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि त्या प्रश्नाला पटेल असं उत्तर नाही. पडद्याचा एक रॉड, सासऱ्यांनी वास्तुशांतीला दिलेलं घड्याळ, बाथरूममधला टॉवेलचा दांडा आणि मुलीच्या बक्षीस मिळालेल्या चित्राची फ्रेम. सर्वसाधारण संसाराला वर्षाकाठी लागणारी भोकं ती एवढीच.

तरी ड्रिल घ्यायची इच्छा होते, त्याला कारण सुतार. सुतार मिळत नाही असं नाही. तो दुसऱ्यांना मिळतो. आपण फोन केला की "दोन होलसाठी कुठं येऊ साहेब? कामं साठवून ठेवा, एकदमच करून टाकू," असं म्हणतो. मग आपण कामं साठवतो. घड्याळ फ्रिजवर बसून वेळ दाखवतं. फ्रेम भिंतीला पाठ टेकून जमिनीवर उभी राहते. पाहुणे विचारतात, "सामान लावायचं चाललंय वाटतं अजून?" आपण हो म्हणतो. घर घेऊन चार वर्षं झालेली असतात.

यातून मग तो सुप्रसिद्ध हिशेब जन्माला येतो. सुतार एका खेपेचे चारशे घेणार, वर्षातून तीन खेपा, म्हणजे बाराशे. पाच वर्षांत सहा हजार, म्हणजे ड्रिल फुकटच पडलं! हा हिशेब बायकोला सांगण्यासाठी केलेला असतो आणि त्यातली मेख तिला पहिल्या वाक्यातच कळते. "पाच वर्षांत पंधरा वेळा सुतार आला असता तर मला आणखी काय हवं होतं?" असं ती म्हणते. विषय खरं तर तिथंच संपायला हवा. पण तोवर गृहस्थानं मोबाईल उघडलेला असतो.

मोबाईलवर ड्रिल शोधायला लागलं की प्रथम भेटतात ते व्होल्ट. १२, १८, २०, २१ आणि मग मधे काही न सांगता एकदम ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ. गंमत अशी, की जास्त आकड्याचं ड्रिल बऱ्याचदा कमी किमतीचं असतं. दीड-दोन हजारांत ८८ मिळत असताना पाच हजार मोजून १२ कोण घेईल, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटणारच.

इथं थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो. नुकता चार्ज करून काढला की ४.२ भरतो, आणि कामाला लावला की सरकारी नोकरीत शोभेल अशा गतीनं खाली येतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. तेच पाच सेल कुणी भरल्या पोटी मोजले तर २१. या दोहोंच्या मधला सोयीचा आकडा २०, त्याच्या शेपटीला बारीक अक्षरात 'मॅक्स' लावतात. म्हणजे १८, २० आणि २१ हे तिघे एकच. जाहिरात लिहिणाऱ्याचा स्वभाव तेवढा वेगळा. १२ व्होल्टवालंही तीन सेलचं, म्हणजे खरं १०.८ चंच. आणि ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ? ते व्होल्ट नव्हेतच, ते मॉडेलचं नाव. बुवा-महाराजांच्या नावाआधी १०८ किंवा १००८ लावतात, त्यातला हा प्रकार. खोलून पाहिलं तर आत बहुतेक वेळा पाचच सेल निघतात.

व्होल्टच्या शेजारी अँपिअर-अवर नावाचा एक अबोल आकडा असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. बॅटरीत एकूण वीज किती, ते या दोघांच्या गुणाकारावर ठरतं. १२ व्होल्टच्या घरगुती ड्रिलची बॅटरी बहुधा दीड अँपिअर-अवरची असते. गुणाकार केला तर येतात सुमारे १६ वॉट-अवर. आपल्या खिशातल्या ५००० एमएएचच्या मोबाईलचे होतात सुमारे १९. ज्या मोबाईलवर आपण ड्रिल शोधत असतो, त्याच्या पोटात ड्रिलपेक्षा जास्त वीज आहे. मोबाईल ती वीज सकाळी-सकाळी शुभेच्छांची फुलं दाखवण्यात घालवतो, ही गोष्ट वेगळी.

पण आकडे कितीही वाचले, तरी माणूस शेवटी विरघळतो तो पेटीपाशी. ड्रिल एकटं घेतलं तर एवढ्याला, आणि सोबत १०० नगांची पेटी घेतली तर थोडंच जास्त. त्या चित्रात सगळं पसरून मांडलेलं असतं: बिटं, सॉकेटं, पाने, पकड, टेप, हातोडी, स्पिरिट लेव्हल. मोजून पाहिलं तर शंभरातले पन्नास-साठ नग म्हणजे स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्ट्या. चार आण्याची गिट्टीही एक नग आणि ड्रिलही एक नग, अशी ती लोकशाही आहे. त्या पेटीतली भिंतीची बिटं विटेच्या नुसत्या दर्शनानं बोथट होतात. पण पेटी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पेटीचं झाकण उघडून आत नुसतं बघत बसण्यात जे सुख आहे, ते भोक पाडण्यात नाही.

मधूनच कुणीतरी सांगतं, की कॉर्डलेस ड्रिल हा नासाचा शोध, चंद्रावर जायचं म्हणून लावलेला. हे ऐकलं की घेणाऱ्याला स्फुरण चढतं. खरी हकीकत निराळी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला डंकन ब्लॅक आणि अलोंझो डेकर या दोघांनी १९१० साली दुकान थाटलं. पिस्तुलासारखी मूठ आणि तिच्यावर बोटानं दाबायचा चाप, ही आजच्या ड्रिलची ठेवण त्यांची. तिचं पेटंट १९१७ चं. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारं बिनवायरचं ड्रिल त्यांच्याच कंपनीनं १९६१ मध्ये बाजारात आणलं. चंद्राच्या ड्रिलवर तिनं काम केलं ते पुढे. आणि चंद्रावर तरी काय झालं? १९७१ साली अपोलो १५ च्या वेळी डेव्हिड स्कॉटनं भोक पाडायला घेतलं, ते ठरलेल्या खोलीपर्यंत गेलंच नाही. मातीचा नमुना घ्यायला घातलेली नळी अशी अडकली, की ती उपटायला त्याला आणि जेम्स आयर्विनला मिळून जोर लावावा लागला. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, शेजारी नाहीत, दुपारी दोन ते चार झोपणारं कुणी नाही, तरी ही गत. तेव्हा आपल्या हॉलमधल्या भिंतीत बिट अडकलं तर मनाला लावून घेऊ नये.

भिंतीचं नाव काढलं म्हणून सांगतो. ड्रिल घेणारा माणूस महिनाभर ड्रिलचा अभ्यास करतो आणि भिंतीचा पाच मिनिटंही करत नाही. हे मला कळलं नागदेवीला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं डोंबिवलीच्या पलीकडे बावीस मजली टॉवरमध्ये घर घेतलं आणि ड्रिलचा विषय हाती घेतला. टॉर्क किती न्यूटन-मीटर, चक दहा मिलिमीटरचा की तेराचा, मोटर ब्रशवाली की बिनब्रशची, सगळं तोंडपाठ. "दादा, मोबाईलवरून घेण्याआधी एकदा हातात धरून बघू," म्हणाला, म्हणून आम्ही मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. मुंबईत हत्यारं घ्यायची तर नागदेवी आणि बिजलीचं सामान घ्यायचं तर लोहार चाळ, हा रिवाज जुना आहे. गल्लीत हातगाड्या, डोक्यावर पेट्या घेऊन "बाजू, बाजू" ओरडत येणारे हमाल, आणि दुकानं अशी, की एकात नुसते नट-बोल्ट, दुसऱ्यात नुसत्या साखळ्या, तिसऱ्यात नुसती चाकं. असल्या ठिकाणी उगाच चौकशीला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. आम्ही आलोच.

मेहुण्यानं टॉर्कपासून सुरुवात केली. गल्ल्यावरच्या शेठनं वहीतून मान वर न करता विचारलं, "दीवार कौनसी है?"

"घर की," मेहुणा म्हणाला.

"वो तो समझा. ईंट, ब्लॉक, के मायवन?"

मेहुणा गप्प. घराच्या कर्जाचा व्याजदर त्याला दोन दशांश स्थळांपर्यंत ठाऊक होता. भिंत कशाची, हे ठाऊक नव्हतं. त्यानं बहिणीला फोन लावला. तिनं बिल्डरचं माहितीपत्रक काढून वाचलं. स्विमिंग पूल, योगा डेक, ज्येष्ठांसाठी कट्टा आणि अगदी खाली: मायवन तंत्रज्ञान.

शेठनं पेन खाली ठेवलं. "फिर ये बारा वोल्ट से पडदा नही लगेगा, पसीना निकलेगा."

मायवनचा अर्थ असा, की अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि भिंत, स्लॅब सगळं एकसंध काँक्रीटचं ओतायचं. वीट औषधालाही नाही. काम झपाट्यानं होतं, म्हणून बिल्डर खूष. गळती कमी, म्हणून घेणारा खूष. नाराज होतो तो फक्त पडदे लावायला आलेला. पूर्वी घरात काँक्रीट असायचं ते कॉलम-बीमला. खिडकीवर बीम आला की सुतार कपाळाला हात लावायचा. आता अख्खं घरच बीम.

"लेकिन इसमें हॅमर है," असं म्हणत मेहुण्यानं ड्रिलवरचं हातोडीचं चित्र दाखवलं. मग शेठनं जो खुलासा केला तो कुठल्याही जाहिरातीत नाही. साध्या इम्पॅक्ट ड्रिलच्या पोटात दातेरी चकत्या असतात. त्या एकमेकींवरून घसरतात आणि बिट थरथरतं. छोट्या बॅटरीच्या ड्रिलमध्ये असे ठोके मिनिटाला वीस-बावीस हजार, वायरवाल्या पाचशे-सहाशे वॉटच्या मशीनमध्ये चाळीस हजारांच्या वर. आकडा भलामोठा, पण ठोका अगदी नाजूक, आणि जोर आपल्या खांद्यानं लावायचा. रोटरी हॅमर ही जात वेगळी. त्यात दट्ट्या हवेच्या दाबानं बिटाच्या बुडावर आदळतो. मिनिटाला ठोके चार-पाच हजारच, पण काँक्रीटला ते कळतात. "सौ सुनार की, एक लोहार की," शेठ म्हणाला, आणि पुन्हा वहीत गेला.

तेव्हा आधी भिंत ओळखावी. बोटांनी ठोकून थोडा अंदाज येतो. खरं कळतं ते भोकातून पडणाऱ्या भुकटीवरून. लाल भुकटी आली तर वीट. आनंद माना, १२ व्होल्टचं लहानसं ड्रिलही सहा मिलिमीटरचं भोक बिनबोभाट पाडतं. फिकी, पांढरट आणि भरभर येणारी भुकटी म्हणजे सायपोरेक्सचा ब्लॉक. तिथं हॅमर बंदच ठेवायचा, नाहीतर भोक ऐसपैस होतं, गिट्टी आत गोल-गोल फिरते आणि स्क्रू नुसता गंमत बघतो. करडी भुकटी चिमूटभर पडून बंद झाली आणि बिट तापून निळं पडलं, की समजायचं काँक्रीट. तिथं जिद्द कामाची नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची भिंत असेल तर दगड मऊ, पण सच्छिद्र. बिट मूळच्याच एखाद्या छिद्राकडे ओढलं जातं आणि भोक आपण ठरवलेल्या जागेच्या शेजारी पडतं. पुण्यातल्या जुन्या वाड्यात बिट आत जातं, जात राहतं, आणि शेवटी पलीकडल्या बिऱ्हाडातून विचारणा होते. फरशीवर हॅमर लावणाऱ्याला मात्र मी काही सांगणार नाही. त्याला फरशीच सांगेल.

गिट्टीचा उल्लेख आला, तिला कुणी मान देत नाही म्हणून दोन शब्द. तिच्याआधी भिंतीत ओबडधोबड भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायचे आणि तिच्यात स्क्रू पिळायचे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न खरवडता विजेचं सामान बसवायचं होतं. त्या कामासाठी जॉन रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदारानं १९११ च्या सुमारास तागाचे धागे प्राण्यांच्या रक्तात चिकटवून पहिली गिट्टी बनवली. पुढे १९५८ साली जर्मनीच्या आर्टूर फिशरनं नायलॉनची केली. एवढा इतिहास असलेली वस्तू आपण दुकानात "ते पांढरं प्लास्टिकचं द्या हो मूठभर" म्हणून मागतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांकडे अमेरिकेचं ड्रिल आहे. मुलानं न्यू जर्सीहून आणलं, पिवळंधमक, देखणं. चार्जर तिकडचा, १२० व्होल्टचा. काकांनी आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये अ‍ॅडॉप्टर लावून तो खोचला. पिन बसली, त्यामुळे वीजही जुळली असणार, असा त्यांचा तर्क. आवाज झाला, वास आला आणि खालच्या मजल्यापर्यंत अंधार झाला. मग नव्या चार्जरसोबत त्यांनी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो ड्रिलपेक्षा वजनाला जड आहे आणि त्याला वायर आहे. काका आता वर्षातून एकदा ते सगळं बाहेर काढतात, पुसतात आणि परत ठेवतात. भोकं पाडायला सुतारच येतो. तो त्या ड्रिलकडे आदरानं पाहतो आणि स्वतःच्या पिशवीतलं जुनं वायरवालं काढतो.

बिनवायरच्या ड्रिलचा खरा स्वभाव कळतो तो गणपतीच्या आदल्या रात्री. वर्षभर माळ्यावर पडलेलं ड्रिल खाली येतं. चाप दाबला की एक कण्हण्याचा आवाज येतो, समोरचा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. मखराची चौकट अर्धी उभी, बाजार बंद, आणि घरातले सगळे आपल्याकडे बघतायत. लिथियमची बॅटरी पार रिकामी करून ठेवली तर ती कायमची बसते. उन्हाळ्यात तापणारा माळा हे तिचं सासर. ती अर्धी भरून, कपाटात, सावलीत ठेवायची आणि तीन-चार महिन्यांनी एकदा चार्जरला लावायची. हे कुणीही करत नाही. म्हणून घेतानाच दोन बॅटऱ्या घ्याव्यात. एक कामावर असली तर दुसरी चार्जरवर. मोबाईलवर अर्ध्या किमतीत नामवंत कंपनीचं ड्रिल दिसलं आणि हात शिवशिवले, तर नावापुढे 'सोलो' लिहिलंय का बघा. तसं असेल तर बॅटरी नाही आणि चार्जरही नाही. ते वेगळे घ्यायचे, आणि उरलेली अर्धी किंमत तिथं जाते.

चापाच्या वर एक आडवं बटण असतं, डावीकडून उजवीकडे सरकणारं. ते उलट्या बाजूला राहिलं की बिट उलटं फिरतं आणि भिंतीवर नुसतं रेशमी काम करतं. नवीन ड्रिलविरुद्ध येणाऱ्या तक्रारींपैकी किती या बटणाच्या आहेत, ते विकणाऱ्यांना विचारा, ते हसतील. चकमागच्या गोल कड्यावरचे आकडे वेगाचे नसतात, स्क्रू किती आवळल्यावर मशीननं हात सोडायचा त्याचे असतात. फर्निचरचा स्क्रू पिळताना तो आकडा लहान ठेवला नाही, तर प्लायवूड फोडून स्क्रू पलीकडे जातो. आणि स्विचबोर्डच्या बरोबर वर, सरळ रेषेत, कधीही भोक पाडू नये. वायर तिथूनच खाली आलेली असते.

आता मेहुण्यानं काय घेतलं ते सांगतो, कारण मला ते बरोबर वाटतं. पडद्यांसाठी त्यानं रोटरी हॅमर एका दिवसाच्या भाड्यानं आणला. बऱ्याच हार्डवेअरच्या दुकानांत तो असा मिळतो. सगळ्या खोल्यांची भोकं त्यानं एका शनिवारी, सोसायटीच्या वेळेत, सुताराला हाताशी धरून उरकली. स्वतःसाठी घेतलं १२ व्होल्टचं, दोन बॅटऱ्यांचं, ज्याचं सर्व्हिस सेंटर ठाण्यात आहे ते. साडेपाच हजारांच्या आसपास पडलं. त्यावर तो बिजागऱ्या आवळतो, कपाटाची दारं सरळ करतो, खुर्च्या जोडतो. भिंतीला हात लावत नाही. बहीण म्हणते, पैसे वसूल झाले. नवऱ्याच्या खरेदीबद्दल हे वाक्य मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

विटेचं घर असेल आणि फक्त भिंतीलाच भोकं पाडायची असतील, तर बॅटरीचा मोह सोडा. पाचशे-सहाशे वॉटचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल दोन-तीन हजारांत येतं, त्याच्यासोबत एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, आणि पुढच्या पिढीलाही पुरेल. स्क्रूची कामं जास्त असतील तर १२ व्होल्टचं कॉर्डलेस. १८ व्होल्टचं घ्यायचं ते फर्निचर स्वतः बनवण्याचा नाद असेल तरच. नुसतं 'असू दे' म्हणून घेतलंत तर ते जड पडतं, हाताला आणि खिशालाही. तीन चांगली बिटं सुटी विकत घ्या: भिंतीचं एक, लोखंडाचं एक, लाकडाचं एक. आणि घेतलंत, तर कृपा करून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. येत्या रविवारी सकाळी साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या असतील, त्यांच्या हातात फ्रेम असेल, आणि त्यांची भिंत मायवनची असेल.